अधिकच्या चिन्हापुढचा पदार्थ

रसायनशास्त्राच्या तासाला फळ्यावर समीकरण लिहिताना आपल्या सर्वांची एक सवय असते. बाणाच्या उजवीकडे आपल्याला हवा असलेला पदार्थ आपण ठळक लिहितो, त्याच्याखाली रेघ ओढतो, आणि मग अधिकचे चिन्ह काढून उरलेला पदार्थ घाईघाईने लिहून टाकतो. समीकरण संतुलित झाले की त्या उरलेल्या पदार्थाचे काम संपले! परीक्षेतही त्याच्याविषयी सहसा कुणी विचारत नाही.

या लेखात आम्ही अशाच एका उरलेल्या पदार्थाचा इतिहास सांगणार आहोत. सेंद्रिय रसायनशास्त्रातील कितीतरी महत्त्वाच्या अभिक्रियांच्या शेवटी, अधिकच्या चिन्हापुढे, ‘ट्रायफेनिलफॉस्फिन ऑक्साइड’ हे लांबलचक नाव आढळते. जगभरात दरवर्षी हजारो टन तयार होणारा हा पदार्थ मुद्दाम कुणी बनवत नाही. तरीही तो तयार होतो म्हणूनच त्या अभिक्रिया घडतात. म्हणजे ज्याला आपण उरलासुरला समजतो, तोच खरे तर गाडी ओढत असतो.

फॉस्फिन ऑक्साइड म्हणजे काय?

अमोनियाच्या रेणूत नायट्रोजनला तीन हायड्रोजन जोडलेले असतात. नायट्रोजनच्या जागी आवर्तसारणीतील त्याच्याच खालचा फॉस्फरस ठेवला की फॉस्फिन मिळते. आता तिन्ही हायड्रोजनच्या जागी मेथिल, एथिल, फेनिल असे कार्बनी गट आणले, की ते झाले सेंद्रिय फॉस्फिन. यातील फॉस्फरसजवळ अमोनियाप्रमाणेच बंधात न गुंतलेली इलेक्ट्रॉनांची एक जोडी शिल्लक असते. या जोडीच्या आधाराने एक ऑक्सिजन अणू येऊन चिकटला, की फॉस्फिन ऑक्साइड तयार होते.

फॉस्फरसला ऑक्सिजनची ओढ किती असते हे वेगळे सांगायला नको. हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांटने १६६९ साली मानवी मूत्र आटवून हे मूलद्रव्य मिळवले, ते अंधारात चमकणारे आणि हवेत आपोआप पेटणारे म्हणूनच प्रसिद्ध झाले. शाळेच्या प्रयोगशाळेत पांढरा फॉस्फरस पाण्याखाली ठेवावा लागतो तो याच ओढीमुळे. कार्बनी गटांनी वेढल्यानंतरही ही ओढ कमी होत नाही. ट्रायफेनिलफॉस्फिन ऑक्साइडमधील फॉस्फरस-ऑक्सिजन बंध तोडायला दर मोलला सुमारे ५४० किलोज्यूल ऊर्जा लागते. कार्बन-कार्बन एकेरी बंधाला सुमारे ३५० किलोज्यूल पुरतात. हे दोन आकडे लक्षात ठेवावेत. पुढची सारी कथा त्यांच्यावरच उभी आहे.

पहिली पावले

सेंद्रिय फॉस्फिनांचा पहिला माग लागला तो फ्रान्समध्ये. १८४० च्या दशकात पॉल तेनार याने तापवलेल्या कॅल्शियम फॉस्फाइडवरून मेथिल क्लोराइडची वाफ नेली आणि दुर्गंधी, सहज पेट घेणाऱ्या पदार्थांचे एक मिश्रण मिळवले. मात्र हे पदार्थ कसे रचलेले आहेत, याचे उत्तर मिळायला आणखी दहा वर्षे जावी लागली.

ते उत्तर दिले लंडनला काम करणारा जर्मन रसायनज्ञ ऑगस्ट विल्हेल्म हॉफमन आणि पॅरिसचा ऑगस्त काऊर या दोघांनी. १८५७ च्या सुमारास त्यांनी फॉस्फरस ट्रायक्लोराइडवर डायएथिल झिंकची क्रिया करून ट्रायएथिलफॉस्फिन बनवले. हॉफमनने त्याआधी अमाइनांचा कसून अभ्यास केला होता, त्यामुळे अमोनिया आणि फॉस्फिन या दोन भावंडांची तुलना त्याला सहज सुचली. बऱ्याच बाबतीत दोघांचे साम्य होते. पण एका ठिकाणी वाटा फुटल्या, आणि तो फरक वर्गात सांगण्याजोगा आहे.

पदवीच्या वर्गात आपण ‘हॉफमन विलोपन’ शिकवतो. चार कार्बनी गट असलेले अमोनियम हायड्रॉक्साइड तापवले की अमाइन, पाणी आणि अल्कीन मिळते. हाच प्रयोग टेट्राएथिलफॉस्फोनियम हायड्रॉक्साइडवर केला, तर एथिलीनऐवजी एथेन बाहेर पडतो, आणि मागे राहते ट्रायएथिलफॉस्फिन ऑक्साइड. नायट्रोजनच्या प्रयोगात हायड्रॉक्साइडमधील ऑक्सिजन पाणी बनून निघून जातो. फॉस्फरस मात्र त्याला जाऊ देत नाही, स्वतःकडेच धरून ठेवतो. उरलेल्या पदार्थाने अभिक्रियेची दिशा बदलल्याचे हे एक फार जुने उदाहरण म्हणता येईल.

बनवण्याच्या रीती

पुढच्या पन्नास वर्षांत फॉस्फिन ऑक्साइड तयार करण्याचे निरनिराळे मार्ग सापडत गेले. १८८० च्या दशकात ऑगस्ट मिखाएलिस याने फॉस्फरस ट्रायक्लोराइड, ब्रोमोबेन्झिन आणि सोडियम यांच्यापासून ट्रायफेनिलफॉस्फिन बनवले. एथिल गटाचे फॉस्फिन हवेत लगेच बिघडते, पण हे तीन फेनिल गटांचे फॉस्फिन स्फटिकरूप आणि हाताळायला सोपे निघाले. पुढे प्रयोगशाळांमध्ये तेच रुळले. हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे सौम्य ऑक्सिडीकारक घातले की त्याचे ऑक्साइड होते. हा सर्वात सरळ मार्ग.

दुसरा मार्ग ग्रिन्यार अभिकारकांचा. फॉस्फरस ऑक्सिक्लोराइडमध्ये ऑक्सिजन आधीपासूनच असतो. त्याच्या तीन क्लोरीनांच्या जागी ग्रिन्यार अभिकारकाने तीन कार्बनी गट बसवले, की थेट ऑक्साइड हाती येते.

तिसरा मार्ग अधिक चमत्कारिक. रशियातील काझान येथील परंपरेत वाढलेल्या अलेक्सांद्र अर्बुझोव्ह याने १९०६ साली त्याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला; मिखाएलिसला १८९८ मध्येच त्याची चाहूल लागली होती. म्हणून ही अभिक्रिया ‘मिखाएलिस-अर्बुझोव्ह’ अशा जोडनावाने ओळखली जाते. फॉस्फरसला ऑक्सिजन जोडलेला आहे आणि त्या ऑक्सिजनला एक अल्किल गट, अशा एस्टरवर अल्किल हॅलाइडची क्रिया केली, तर नवा अल्किल गट फॉस्फरसवर येऊन बसतो आणि ऑक्सिजनवरचा जुना गट हॅलाइडबरोबर निघून जातो. परिणामी ऑक्सिजन सर्वस्वी फॉस्फरसचा होतो. मूळ एस्टरमध्ये फॉस्फरसवर दोन कार्बनी गट असतील, तर मिळणारा पदार्थ फॉस्फिन ऑक्साइड असतो. येथेही अभिक्रियेला पुढे रेटणारी शक्ती तीच: फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांचा बळकट बंध.

हा बंध कागदावर कसा काढायचा, याविषयी मात्र बराच काळ घोळ होता. पुष्कळ पुस्तके तो दुहेरी दाखवतात आणि फॉस्फरसच्या ‘डी’ कक्षकांचा हवाला देतात. आज हे स्पष्टीकरण मागे पडले आहे. फॉस्फरसवर बराचसा धनप्रभार, ऑक्सिजनवर बराचसा ऋणप्रभार, आणि ऑक्सिजनच्या इलेक्ट्रॉनांचा काही भाग फॉस्फरस-कार्बन बंधांकडे झुकलेला, असे चित्र आता मानले जाते. दुहेरी रेघ काढायला हरकत नाही, पण कार्बोनिलमधील दुहेरी बंधासारखाच हा बंध आहे, असे विद्यार्थ्यांना सांगू नये.

रेणूच्या आकाराविषयीचा पुरावा मात्र लवकर मिळाला. फॉस्फरसभोवती चार घटक चतुष्फलकाच्या कोपऱ्यांवर असतील, आणि ते चारही वेगळे असतील, तर कार्बनप्रमाणेच येथेही आरशातील प्रतिमेसारखी दोन रूपे मिळायला हवीत. १९११ साली याकोब मायझेनहायमर आणि त्याच्या सहकाऱ्याने एथिल, मेथिल आणि फेनिल असे तीन निरनिराळे गट असलेले फॉस्फिन ऑक्साइड घेऊन त्याची प्रकाशाचे प्रतल फिरवणारी रूपे वेगळी केली. साठ वर्षांनंतर याचा उपयोग कुठे होणार आहे, याची त्यांना कल्पना असणे शक्य नव्हते.

व्हिटिग काय शोधत होता?

आता आपण कथेच्या मध्यभागी येतो. गेओर्ग व्हिटिग याचा जन्म १८९७ साली बर्लिनमध्ये झाला. १९४४ पासून तो ट्युबिंगेन विद्यापीठात प्राध्यापक होता. त्याच्यापुढचा प्रश्न अल्कीन कसे बनवावे हा नव्हता. त्याला पडलेला प्रश्न असा, की नायट्रोजनला पाच कार्बनी गट जोडता येतील का?

त्यासाठी त्याने चार मेथिल गटांच्या अमोनियम क्षारावर फेनिल लिथियम सोडले. पाचवा गट नायट्रोजनवर बसला नाही. त्याऐवजी एका मेथिल गटातील प्रोटॉन निघून गेला. मागे जो पदार्थ राहिला, त्यात शेजारशेजारच्या दोन अणूंवर विरुद्ध प्रभार होते, नायट्रोजनवर धन आणि कार्बनवर ऋण. अशा पदार्थांना इलाइड म्हणतात. मग व्हिटिग फॉस्फरसकडे वळला. येथे त्याला हवे ते मिळाले. १९४९ मध्ये पाच फेनिल गट जोडलेला फॉस्फरस त्याने खरोखरच बनवून दाखवला.

पुढची पायरी म्हणून त्याने एक मेथिल आणि तीन फेनिल गट असलेला फॉस्फोनियम क्षार घेतला. अपेक्षेप्रमाणे प्रोटॉन निघून इलाइड तयार झाले. या इलाइडची बेन्झोफिनोनशी गाठ घालून दिली. नायट्रोजनच्या इलाइडने अशा वेळी कीटोनला जोडून घेतले होते आणि अभिक्रिया तिथेच थांबली होती. येथेही तसेच काही होईल असे वाटत होते. प्रत्यक्षात मिळाले ते निराळेच: एक अल्कीन, म्हणजे डायफेनिलएथिलीन, आणि त्याच्या जोडीला ट्रायफेनिलफॉस्फिन ऑक्साइड! १९५३ साली व्हिटिग आणि गाइस्लर यांनी हे प्रसिद्ध केले. कार्बोनिलमधील ऑक्सिजन फॉस्फरसने उचलून नेला होता आणि त्याच्या जागी कार्बन ठेवून दिला होता.

या घटनेला आधीचा एक धागा आहे. हेरमान श्टाउडिंगर आणि त्याचा सहकारी मायर यांनी १९१९ मध्ये फॉस्फरसचे एक इलाइड बनवले होते, आणि फेनिल आयसोसायनेटशी त्याची क्रिया होताना ऑक्सिजनची अशीच अदलाबदल पाहिली होती. पण ती वाट कुणी पुढे चालली नाही, आणि चौतीस वर्षे ती तशीच पडून राहिली. व्हिटिगचे मोठेपण असे, की अनपेक्षित निकालाकडे त्याने अडथळा म्हणून पाहिले नाही. १९५४ मध्येच त्याने आणि श्योलकोप्फने ही अभिक्रिया अल्कीन बनवण्याची सर्वसाधारण रीत म्हणून मांडली. निर्जलीकरणासारख्या जुन्या रीतींत दुहेरी बंध नेमका कुठे येईल याची खात्री नसे. येथे तो जिथे कार्बोनिल होते तिथेच येतो. १९७९ साली, वयाच्या ८२ व्या वर्षी, व्हिटिगला हर्बर्ट ब्राउन यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

ही अदलाबदल घडते कशी, याचे पुस्तकी चित्रही पुढे सुधारावे लागले. आधी विरुद्ध प्रभारांचे एक मध्यस्थ संयुग मानले जाई. १९७३ मध्ये एडविन व्हेडेय्स यांनी कमी तापमानाला फॉस्फरसचे चुंबकीय अनुस्पंदन वर्णपट घेऊन दाखवले, की प्रत्यक्षात दिसते ते फॉस्फरस, ऑक्सिजन आणि दोन कार्बन यांचे चौकोनी वलय. ते तुटते तेव्हा एका बाजूला अल्कीन पडते आणि दुसऱ्या बाजूला फॉस्फिन ऑक्साइड.

हिशेबाची वही

व्हिटिग अभिक्रियेचा कारखान्यातील सर्वात गाजलेला उपयोग अ जीवनसत्त्वाच्या निर्मितीत झाला. जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीत होर्स्ट पोमर यांनी ही पद्धत विकसित केली. गवती चहाच्या तेलाला ज्या सिट्रालमुळे वास येतो, त्यापासून आयोनोन आणि पुढे पंधरा कार्बनांचा फॉस्फोनियम क्षार बनवतात. त्याची पाच कार्बनांच्या अल्डिहाइडशी गाठ घातली, की वीस कार्बनांचा जीवनसत्त्वाचा सांगाडा तयार होतो. औषधांत आणि पशुखाद्यात वापरले जाणारे हे जीवनसत्त्व त्यामुळे मोठ्या प्रमाणावर बनवता येऊ लागले.

पण येथे वजनकाटा घेऊन बसावे लागते. अ जीवनसत्त्वाच्या ॲसिटेटचा रेणुभार सुमारे ३२८, तर ट्रायफेनिलफॉस्फिन ऑक्साइडचा सुमारे २७८. म्हणजे एक टन जीवनसत्त्वामागे जवळजवळ ८५० किलो ऑक्साइड पदरात पडते!

रेणू लहान असेल तर हिशेब आणखी बिघडतो. सायक्लोहेक्झॅनोनपासून मेथिलीनसायक्लोहेक्झेन बनवण्याचे उदाहरण घेऊ. ९८ ग्रॅम कीटोन आणि २७६ ग्रॅम इलाइड, एकूण ३७४ ग्रॅम. त्यातून मिळते ९६ ग्रॅम अल्कीन आणि २७८ ग्रॅम ऑक्साइड. अभिक्रिया शंभर टक्के पूर्ण झाली, तरी घातलेल्या वस्तुमानापैकी जेमतेम २६ टक्के उपयोगी पडले. चौदा वजनाचा मेथिलीन गट पोचवायला २६२ वजनाचा हमाल लावला, असेच म्हणायचे! अमेरिकी रसायनज्ञ बॅरी ट्रॉस्ट यांनी १९९१ मध्ये ‘अणूंची काटकसर’ ही कल्पना मांडली, ती अशाच हिशेबांसाठी. तोवर रसायनज्ञ केवळ उताऱ्याची टक्केवारी पाहत असत.

शिवाय हा पदार्थ चिवट असतो. पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, उडून जात नाही, आणि हव्या असलेल्या पदार्थाबरोबर सेंद्रिय विद्रावकात राहतो. अल्कोहोलांची अदलाबदल करणारी ओयो मित्सुनोबू यांची १९६७ ची अभिक्रिया असो किंवा श्टाउडिंगरच्या रीतीने अझाइडचे अमाइन बनवणे असो, शेवटी हा पाहुणा हजर असतोच.

उरलेल्याचे उपयोग

या अडचणीवर एक उत्तर लवकरच सापडले. १९५८ मध्ये लेओपोल्ड होर्नर यांनी इलाइडऐवजी फॉस्फिन ऑक्साइडपासूनच सुरुवात केली. ऑक्सिजनशेजारच्या ओढीमुळे फॉस्फरसला लागून असलेल्या कार्बनवरील प्रोटॉन आम्लारीने काढता येतो आणि पुढे कार्बोनिलशी क्रिया होऊन अल्कीन मिळते. शेवटी उरतो तो फॉस्फिनिक आम्लाचा क्षार, आणि तो पाण्याने धुऊन काढता येतो.

दुसरा उपयोग मायझेनहायमरच्या धाग्याला जोडलेला आहे. आरशातील प्रतिमांपैकी एकच रूप असलेले फॉस्फिन हवे असेल, तर ते रूप आधी ऑक्साइडच्या पातळीवर मिळवायचे आणि मग ट्रायक्लोरोसिलेनसारख्या क्षपणकारकाने ऑक्सिजन काढून घ्यायचा, ही वाट १९६० च्या दशकात खुली झाली. अशी फॉस्फिने ऱ्होडियमला जोडून विल्यम नोल्स यांनी मोन्सँटो कंपनीत उत्प्रेरक बनवले. १९७० च्या दशकात त्यांतून कंपवातावरचे एल-डोपा हे औषध तयार होऊ लागले. नोल्स २००१ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले.

ऑक्साइडचा ऋणप्रभारित ऑक्सिजन धातूंच्या आयनांनाही पकडतो. आठ-आठ कार्बनांच्या तीन शेपट्या असलेले ट्रायऑक्टिलफॉस्फिन ऑक्साइड घासलेटासारख्या तेलात सहज विरघळते. अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात युरेनियमच्या निष्कर्षणासाठी अशा संयुगांचा अभ्यास झाला. खतांसाठी फॉस्फेट खडकापासून बनवलेल्या फॉस्फरिक आम्लात किंचित युरेनियम असते. तेही याच ऑक्साइडच्या साह्याने वेगळे काढता येते. अणुभट्टीतील तीव्र किरणोत्सारी कचऱ्यातून जड मूलद्रव्ये वेगळी करण्यासाठी आणखी गुंतागुंतीची फॉस्फिन ऑक्साइडे बनवली गेली, आणि त्यांवर मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही काम झाले आहे.

याच ट्रायऑक्टिलफॉस्फिन ऑक्साइडने १९९३ मध्ये वेगळीच कामगिरी केली. अमेरिकेच्या एमआयटी या संस्थेत मुंगी बावेंडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सुमारे ३०० अंशांपर्यंत तापवले आणि त्यात कॅडमियम व सेलेनियमची संयुगे एकदम ओतली. काही नॅनोमीटर आकाराचे, जवळजवळ एकसारखे स्फटिककण तयार झाले. हेच पुंजबिंदू. ऑक्साइडचे रेणू कणांच्या पृष्ठभागाला चिकटून त्यांची वाढ आवरतात. या कामासाठी बावेंडी यांना २०२३ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. गंमत अशी, की बाजारात मिळणाऱ्या कमी शुद्ध ऑक्साइडमधील फॉस्फरसच्या आम्लांचाही या वाढीत मोठा हात असतो, असे पुढे दिसून आले. उरलेल्यातही काही उरलेले होते, आणि तेही कामाचे निघाले!

ऑक्सिजन जातो कुठे?

ट्रायफेनिलफॉस्फिन ऑक्साइडचे पुन्हा फॉस्फिन करता येत नाही का? येते. कारखान्यात त्यावर फॉस्जीनची क्रिया करतात. ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइड बनून जातो आणि फॉस्फरसवर दोन क्लोरीन येतात. ते ॲल्युमिनियमने काढून घेतले, की फॉस्फिन परत मिळते. पण फॉस्जीन हा पहिल्या महायुद्धात वापरलेला विषारी वायू आहे, आणि ॲल्युमिनियम बनवायला भरमसाट वीज लागते. फॉस्फरसने घट्ट धरलेला ऑक्सिजन सोडवायचा, तर तो दुसऱ्या कुणाच्या तरी पदरात टाकावाच लागतो, आणि त्याची किंमत मोजावी लागते.

ही किंमत कमी करण्याचे प्रयत्न अलीकडे फळाला येत आहेत. २००९ मध्ये ख्रिस्तोफर ओब्रायन यांनी सिलेनच्या साह्याने ऑक्साइडचे जागच्या जागी फॉस्फिन करत राहून व्हिटिग अभिक्रिया थोड्याशा फॉस्फरसवर चालवून दाखवली. २०१९ मध्ये इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या रॉस डेन्टन यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. त्यांनी मित्सुनोबू अभिक्रियेसाठी खास रचनेचे फॉस्फिन ऑक्साइडच उत्प्रेरक म्हणून वापरले. त्यात फॉस्फरसवरील ऑक्सिजन फॉस्फिनपर्यंत मागे जाऊन सोडवावाच लागत नाही, आणि अधिकच्या चिन्हापुढे केवळ पाणी येते.

वर्गात एक छोटा उपक्रम करण्यासारखा आहे. पाठ्यपुस्तकातील पाच-सहा सेंद्रिय अभिक्रिया निवडाव्यात आणि विद्यार्थ्यांना उजवीकडच्या प्रत्येक पदार्थाचा रेणुभार काढायला सांगावा. कोणत्या अभिक्रियेत हव्या असलेल्या पदार्थाचे वजन निम्म्याहून कमी आहे? उरलेल्या पदार्थात कोणता नवा बंध तयार झाला आहे, आणि तो किती बळकट आहे? हा पदार्थ तयारच झाला नसता, तर अभिक्रिया पुढे गेली असती का? शेवटच्या प्रश्नावर थोडा वेळ द्यावा. बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असेच येते.